पहिल्या दोरीला सुरू होणारं इंजिन

दरेकसाच्या माणसाने मोटारबोटींच्या शर्यतींवर लिहावं म्हणजे जरा गंमतच आहे. आमच्या गावाला समुद्र नाही, खाडी नाही. पाणी म्हणाल तर हाजराचा धबधबा, तोही पावसाळ्यातच बघण्यासारखा. बाकी सालेकसा तालुक्याचे डोंगर, जंगल, कचारगडच्या गुहा आणि मुंबई-हावडा मार्गावरचं एक छोटंसं स्टेशन. आमच्या लहानपणी इंजिन म्हणजे रेल्वेचंच. पण हा विषय एकदा डोक्यात शिरला की माणसाला कुठल्या पाण्यात नेऊन सोडेल याचा नेम नाही. आयटीआयमध्ये पोरांना इंजिनं शिकवण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे माझ्या डोक्यातून तो आता निघण्याची आशा घरच्यांनीही सोडली आहे. :-)

झालं असं, की पुण्याच्या आतेभावाने घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. मार्च २०१७ मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हसमोर पॉवरबोटींची शर्यत झाली होती, तिचा. बोटी पाण्याला जेमतेम टेकत उडत चालल्या होत्या. सगळ्यांनी चालवणाऱ्याच्या हिमतीचं कौतुक केलं. मी लिहिलं, "बोटीच्या मागे लटकलेलं इंजिन बघा, खरी गोष्ट तिथे आहे." त्यावर कोणी काही बोललं नाही. एका भाचीने अंगठा दाखवला, तो बहुधा चुकून. म्हणून ही पोस्ट. दोन ओळींत मावणारं हे प्रकरण नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. शर्यतींमुळे इंजिनं सुधारली असं आपण सर्रास म्हणतो. ते अर्धंच खरं आहे. इंजिनं सुधारली ती शर्यतीच्या आधी आणि नंतर शेडमध्ये बसून ती उघडणाऱ्या, मोजणाऱ्या, पुन्हा जोडणाऱ्या लोकांमुळे. शर्यतीने त्यांना फक्त तारीख दिली. आणि आपण जे बाहेरून विकत आणलं ते इंजिन आणलं, ही शेडमधली सवय मात्र आणली नाही. ती न आणल्याची किंमत वैनगंगेच्या काठावर एका दिवशी मोजली गेली, तिथपर्यंत मी येणारच आहे.

आधी हे इंजिन म्हणजे काय ते. बोटीच्या पोटात बसवलेलं नाही, तर मागच्या फळीला बाहेरून शिकंज्याने आवळून टांगलेलं. वर डोकं, म्हणजे सिलिंडर, कार्ब्युरेटर आणि चाक. मध्ये एक उभी दांडी. खाली पाण्यात गिअर आणि पंखा. काम झालं की काढून खांद्यावर टाकून घरी न्यायचं. इंग्रजीत आउटबोर्ड मोटर, आणि आपल्याकडच्या आपत्ती व्यवस्थापनवाल्यांच्या तोंडी 'ओबीएम'. पुराच्या बातम्यांमध्ये रबरी बोटीच्या मागे काळं डोकं दिसतं ना, तेच.

पहिलं कोणी केलं यावर वाद आहेत. अमेरिकेत येल विद्यापीठात कायदा शिकणाऱ्या कॅमेरॉन वॉटरमन नावाच्या पोराने १९०५ मध्ये मोटरसायकलचं इंजिन बोटीच्या मागे टांगून बघितलं आणि १९०७ मध्ये पेटंट घेतलं. पण ज्याचं नाव टिकलं तो ओले एव्हिनरूड. जन्म १८७७, नॉर्वेतला. लहानपणीच आईबापांबरोबर अमेरिकेत विस्कॉन्सिनला आला. फार शिकलेला नाही. कारखान्यांतून काम करत मशीन चालवायला आणि ओतकामाचे साचे बनवायला शिकला. म्हणजे आपल्या भाषेत सरळसरळ मिस्तरी. १९०९ मध्ये त्याने मिलवॉकीत इंजिन विकायला काढलं. दीड अश्वशक्ती, वजन ६२ पौंड, किंमत ६२ डॉलर. म्हणजे साधारण २८ किलो. त्याच्या बायकोला, बेसला, ते पहिल्यांदा बघून कॉफी दळायच्या यंत्रासारखं वाटलं होतं म्हणतात. पण पुढे जाहिराती, पत्रव्यवहार, हिशेब सगळं तिनेच पाहिलं. सिलिंडर आडवा, क्रँकशाफ्ट उभा आणि खाली काटकोनात फिरवणारे गिअर ही त्याने रूढ केलेली मांडणी आजही तीच आहे. शंभराहून जास्त वर्षं टिकलेला आराखडा! आमच्या पोरांना मी हे सांगायचो तेव्हा ते विचारायचे, "सर, मग त्यात सुधारलं काय?" प्रश्न चांगला आहे. उत्तर म्हणजे ही पुढची गोष्ट.

बेसची तब्येत बिघडली म्हणून ओलेने १९१४ च्या सुमारास आपला हिस्सा भागीदाराला विकला, पाच वर्षं या धंद्यात न पडण्याच्या अटीवर. तेवढ्या काळात त्याने डोक्यात नवं इंजिन तयार केलं. दोन सिलिंडरचं, ॲल्युमिनियमचा भरपूर वापर केलेलं. ४८ पौंडांत तीन अश्वशक्ती. जुन्या कंपनीने ते नको म्हटलं, तेव्हा १९२१ मध्ये त्याने स्वतःची नवी कंपनी काढली. तिकडे इंडियानातल्या जॉन्सन भावांनीही त्याच सुमारास आपलं हलकं इंजिन बाजारात आणलं. हे भाऊ आधी विमानाच्या नादात होते. १९११ मध्ये त्यांनी स्वतःच्या इंजिनावर स्वतःचं विमान उडवलं होतं, त्यामुळे वजनाची एकेक छटाक कमी करायची सवय त्यांच्या हातात होती. १९२६ मध्ये त्यांचं सहा अश्वशक्तीचं 'बिग ट्विन' आलं आणि त्याने हलकी बोट ताशी १६ मैलांच्या पुढे नेली. आज ऐकायला काहीच वाटत नाही. पण तोवर मागे टांगलेलं इंजिन म्हणजे वल्ही मारायचा कंटाळा आलेल्या मासे पकडणाऱ्याची सोय होती. या वेगाला बोट पाणी कापत जाण्याऐवजी पाण्यावर चढून घसरायला लागते. मग काय, पोरांच्या हातात खेळणंच आलं. शर्यती सुरू झाल्या. हडसन नदीवर ऑल्बनीपासून न्यूयॉर्कपर्यंत सव्वाशे मैलांहून लांब शर्यत व्हायला लागली. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ही टांगती इंजिनं ताशी ५० मैलांच्या पलीकडे गेली.

आता इथे मला सगळ्यात जास्त रस आहे, तेव्हा जरा धीर धरा. (काका, तुम्ही हा परिच्छेद सोडलात तरी चालेल.)

शर्यतीचे वर्ग सिलिंडरच्या मापावरून ठरवले होते. ए, बी, सी असे. बी वर्ग म्हणजे २० घनइंच, सी म्हणजे ३०. म्हणजे मोठं इंजिन लावून जिंकायची सोय नाही. माप सगळ्यांना सारखं. मग ताकद वाढवायची कशी? इंजिन जास्त वेगाने फिरवून, त्याला जास्त चांगला श्वास घ्यायला लावून आणि घर्षणात वाया जाणारं वाचवून. ही टू-स्ट्रोक इंजिनं. आपल्या जुन्या लुना, राजदूत, आरएक्स १०० सारखी. यांना हवा आत-बाहेर करायला फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नसतात. सिलिंडरच्या भिंतीतच खिडक्या असतात आणि पिस्टन वरखाली होताना त्या उघडतो-झाकतो. मिनिटाला ५,००० फेरे म्हणजे एका फेऱ्याला १२ मिलिसेकंद. त्यातला तिसरा हिस्सा खिडकी उघडी राहिली तर चार मिलिसेकंद. एवढ्या वेळात जळका धूर बाहेर जायचा आणि ताजं मिश्रण आत यायचं, तेही एकमेकांत न मिसळता. खिडकीची वरची कड कानशीने मिलिमीटरभर घासली तर इंजिनाचा स्वभाव बदलतो. वर जोर येतो, खाली मरगळ. जास्त घासली तर सिलिंडर फेकून द्यायचा. घासलेलं परत भरत नाही.

हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. धुराची लाट नळीत पुढेमागे कशी पळते याचं नीट गणित पुष्कळ नंतर आलं. तोवर माणसं घासत होती, पळवून बघत होती, स्पार्क प्लग काढून त्याचा रंग बघत होती. प्लग पांढरा पडला तर मिश्रण पातळ, इंजिन जळायच्या बेतात. काळा-ओला असेल तर गच्च. फिका तपकिरी, म्हणजे साधारण आपल्या चहाच्या रंगाचा, तर बरोबर. आमच्याकडे गोंदियात टू-स्ट्रोक गाड्यांचे जुने मिस्तरी अगदी हेच करायचे, आणि त्यांनाही ते कुणी शिकवलेलं नव्हतं.

कंपन्यांनीही खास शर्यतीची इंजिनं काढली. जॉन्सनने आपल्या शर्यतीच्या इंजिनांत मिश्रण आत घ्यायला फिरता व्हॉल्व्ह बसवला, म्हणजे आत येण्याची वेळ पिस्टनच्या मर्जीवर राहिली नाही. फ्लायव्हील वरून उघडं. त्याच्या खाचेत गाठ मारलेली दोरी अडकवून, गुंडाळून, खस्सकन ओढायची. सुरू झालं तर झालं. नाहीतर पुन्हा गुंडाळा. तोवर बाकीच्या बोटी निघून गेलेल्या! चालवणारा गुडघ्यांवर बसलेला, मागे ठणाणा करणारं इंजिन, आणि सगळं सहा-आठ मिनिटांत संपणार. लोक काठावरून तेवढंच बघतात.

आणि इंधन? शर्यतवाले पेट्रोल सोडून मिथेनॉलकडे वळले. ते जळताना इंजिन थंड राहतं, दाब जास्त देता येतो. पण साधं खनिज तेल मिथेनॉलमध्ये मिसळत नाही. मिसळतं ते एरंडेल! हो, आपलं पोट साफ करायचं एरंडेल. अमेरिकेतल्या तळ्यांवर शर्यतीच्या दिवशी ज्या धुराच्या वासाची आठवण जुने लोक काढतात, तो एरंडेलाचा वास. त्यात माझ्यासारख्याला उगाचच बरं वाटतं, कारण जगात सगळ्यात जास्त एरंडी आपल्या देशात पिकते, मुख्यतः गुजरातेत. 'कॅस्ट्रॉल' हे नावसुद्धा एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच आलेलं.

पण एरंडेल जळून आत चिकट राळेसारखा थर धरतं. आणि मिथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, ॲल्युमिनियम खातं. म्हणजे शर्यत संपली, फोटो निघाला, चषक मिळाला, मंडळी जेवायला गेली की शेडमधल्या माणसाचं काम सुरू. टाकीतलं उरलेलं मिथेनॉल काढून टाकायचं. नळ्या रिकाम्या करायच्या. पेट्रोल आणि तेलाचं मिश्रण घालून इंजिन थोडं चालवायचं, म्हणजे आतल्या भागांवर तेलाचा हात बसतो. कार्ब्युरेटर उघडून पुसायचा. बेअरिंग बघायची. राळ खरवडायची. हे त्याच रात्री. दुसऱ्या दिवशी करू म्हटलं तर आतून गंज धरलेला असतो. या कामाचा फोटो कुठे सापडत नाही. मी शोधलाय.

आता माझ्या मताची दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर मित्रमंडळी प्रतिक्रियांत धरतीलच. शर्यतीचं इंजिन म्हणजे चांगलं इंजिन नव्हे. मिथेनॉलवर चालणारं, संथ गतीला बंद पडणारं, दर थोड्या तासांनी उघडावं लागणारं यंत्र कोळ्याच्या काय कामाचं? निव्वळ वेगाच्या मागे लागून जे तयार झालं त्यातलं बरंच काही वाया गेलं. टिकलं ते वेगळ्या प्रकारच्या माणसांमुळे. त्यातला सगळ्यात खटपट्या, आणि बहुधा सगळ्यात तापट, म्हणजे कार्ल कीकहेफर.

याने १९३९ मध्ये विस्कॉन्सिनातल्या सीडरबर्ग गावात बंद पडलेला एक कारखाना घेतला. त्याला करायचं होतं भलतंच काही, लोखंड वेगळं काढणारे चुंबकी यंत्र वगैरे. पण गोदामात मोठ्या दुकानदाराने नापास करून परत पाठवलेली आउटबोर्ड इंजिनं पडून होती. पैशाची गरज होती म्हणून त्याने ती उघडली, चुका शोधल्या, दुरुस्त केली आणि त्याच दुकानदाराला परत विकली. दुकानदार म्हणाला, आणखी पाठवा. मर्क्युरी या नावाची सुरुवात ही अशी, नापास मालातून! मग युद्ध आलं. कीकहेफर सैन्यासाठी लाकूड कापायच्या साखळी करवतीची इंजिनं बनवायला लागला. करवत वाकडी-तिकडी कशीही धरली जाते, धूळ खाते, आणि जंगलात बंद पडली तर शिपाई तिला शिव्या घालण्यापलीकडे काही करू शकत नाही. तिथे तो शिकला की साध्या बुशिंगवर भागत नाही. बॉल, रोलर आणि सुईसारख्या बारीक रुळांची बेअरिंगं घालायला हवीत. युद्धानंतर तेच त्याने बोटीच्या इंजिनात आणलं आणि घड्याळातल्या माणकांची उपमा देऊन त्याची जाहिरात केली. घर्षण कमी, त्यामुळे फेरे जास्त, त्यामुळे ताकद जास्त, आणि वर आयुष्यही जास्त. १९४७ च्या सुमाराला दहा अश्वशक्तीचं म्हणून विकलेलं त्याचं इंजिन प्रत्यक्षात त्याहून बरंच जास्त देत होतं, हे शर्यतवाल्यांनी लगेच ओळखलं. मग दुकानात मिळतं तसंच इंजिन लावून पळायच्या शर्यती जोरात आल्या. त्यात जिंकलेल्याचं इंजिन तिथेच उघडून मोजायचे. कानस मारलीय का, पिस्टन हलका केलाय का. मला हा नियम फार आवडतो. जिंकण्याचा पुरावा म्हणजे उघडलेलं इंजिन.

१९५१ मध्ये कीकहेफरकडे चार्ल्स स्ट्रँग आला. एमआयटीत इंजिनांवर संशोधन केलेला आणि स्वतः आउटबोर्डच्या शर्यतीत पळणारा. तो पुढे प्रतिस्पर्धी कंपनीचा प्रमुख झाला, ती वेगळी कथा. १९५७ मध्ये कीकहेफरने फ्लोरिडात जंगलातलं एक अख्खं तळं ताब्यात घेतलं, भोवती पहारा बसवला आणि नाव ठेवलं 'लेक एक्स'. तिथे त्याने काय केलं? वेगाचे विक्रम? नाही. दोन बोटींना मर्क्युरीची इंजिनं लावून त्या तळ्यात गोल गोल फिरवल्या. रात्रंदिवस. चालू बोटीतच इंधन भरायचं, चालू बोटीतच माणूस बदलायचा. २५,००० मैल, म्हणजे पृथ्वीला एक प्रदक्षिणा होईल इतकं अंतर, महिनाभराहून थोड्या जास्त दिवसांत. आणि ते झाल्यावर तीच इंजिनं परत आणखी २५,००० मैल. कल्पना करा त्या पाळीवरच्या माणसाची. पहाटे तीन वाजता, डासांत, त्याच तळ्याची तीच फेरी. माझ्या मते या धंद्यातली सगळ्यात मोठी शर्यत हीच, आणि ती बघायला काठावर कुणी नव्हतं.

(हे वाचताना मला आमचा घाट आठवतो. डोंगरगड-दरेकसा चढावर जड मालगाडीला मागून रेटायला दुसरं इंजिन लागतं. रेल्वेवाले त्याला बँकर म्हणतात. गाडी चढून गेली की ते सुटतं आणि मुकाट परत जातं. लहानपणी आम्ही पोरं पुढच्या इंजिनाला हात करायचो. मागच्याचा ड्रायव्हर आमच्याकडे बघायचा, पण तोवर आमचे हात खाली आलेले असायचे. असो.)

शेडमधलं ज्ञान किती मोलाचं असतं याचा एक दाखला पाण्याबाहेरचा आहे, तोही सांगून टाकतो. पूर्व जर्मनीत एमझेड कंपनीत वॉल्टर काडेन नावाच्या इंजिनिअरने १९५० च्या दशकात टू-स्ट्रोकच्या धुराड्याचा आकार असा बसवला, की धुराची परतलेली लाट निसटू पाहणारं ताजं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. त्याचा चालक अर्न्स्ट डेग्नर १९६१ मध्ये स्वीडनच्या शर्यतीतून पळून पश्चिमेकडे गेला, सुझुकीला मिळाला, आणि १९६२ मध्ये सुझुकीवर ५० सीसीचा जगज्जेता झाला. नाव त्याचं झालं. काडेन तिकडेच राहिला. ऐंशीच्या दशकात आपल्या रस्त्यांवर ज्या जपानी वळणाच्या १०० सीसी गाड्या आल्या, त्यांच्या फुगीर सायलेन्सरमध्ये त्या माणसाचं डोकं होतं. आपण मात्र कंपनीचं नाव घेऊन मोकळे झालो.

तर आता वैनगंगा.

ऑगस्ट २०२० चे शेवटचे दिवस. वर मध्य प्रदेशात जोराचा पाऊस, संजय सरोवराचं पाणी सोडलेलं. गोंदिया, भंडारा, पुढे चंद्रपूर, गडचिरोली, सगळीकडे वैनगंगेने काठ सोडला. त्यात कोरोना. माझी आत्या नदीकाठच्या गावात राहते. गावाचं नाव लिहीत नाही, घरच्यांना माहीत आहे. पाणी ओट्याला लागलं तेव्हा बोट मागवली. बोट वेळेत आली, हे आधी नमूद करतो. माणसंही चांगली होती. पण इंजिन सुरू होईना. दोरी ओढतायत, ओढतायत. चोक काढून, चोक लावून. चाळीस मिनिटं! शेवटी गावातल्या ढीवरांच्या दोन पोरांनी आपला डोंगा घातला आणि आत्याला, शेजारच्या बाळंतिणीला आणि एका वासराला वल्ह्यांवर बाहेर काढलं. ज्या वल्ह्यांपासून सुटका म्हणून ओलेने इंजिन काढलं, त्या वल्ह्यांनीच. आत्याने आम्हाला फोनवर सांगितलं, "मशीन नुस्ती खोकत होती रे बापू."

ते इंजिन नंतर ज्याच्याकडे दुरुस्तीला गेलं, तो माझाच जुना विद्यार्थी. मी विचारलं, काय निघालं? म्हणाला, "सर, बिघडलं काहीच नव्हतं जी. नुसतं ठेवलं होतं." मागच्या हंगामाचं पेट्रोल तसंच आत. कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रात वाळून पिवळा डिंक झालेला. आणि पाणी खेचायच्या पंपातलं रबरी चक्र एकाच जागी बसून बसून पाकळ्या वाकलेल्या आणि कडक. म्हणजे सुरू झालं असतं तरी थोड्या वेळात तापून अडकलं असतं. दोन्ही मिळून दुरुस्ती म्हणजे दुपारभराचं काम. आणि शर्यतवाल्यांनी नव्वद वर्षांपूर्वी जे रात्रीच्या रात्री केलं असतं तेवढं कुणी केलं असतं, तर तेही लागलं नसतं. टाकी रिकामी करायची, नळी काढून कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल जळून संपेपर्यंत चालवायचं, गोड्या पाण्याने धुवायचं. संपलं.

मला त्या पथकाला नावं ठेवायची नाहीत. दोष एकट्या माणसाचा नाही. आपली पद्धतच अशी आहे. बोट घेतली की नारळ फुटतो, हार घातला जातो, फोटो येतो. पावसाळ्याआधी एखाद्या तलावावर रंगीत तालीम होते, अधिकारी लाइफ जॅकेट घालून एक फेरी मारतात. मग बोट ताडपत्रीखाली. खरेदीला पैसा मंजूर होतो, दर आठवड्याला इंजिन पाण्यात चालवायला लागणाऱ्या पेट्रोलला होत नाही. ज्या पोराला कार्ब्युरेटर उघडता येतो तो रोजंदारीवर असतो आणि दुसरीकडे दोनशे रुपये जास्त मिळाले की जातो. तो गेला की त्याच्याबरोबर त्या इंजिनाच्या खोडीही गेल्या. प्रत्येक इंजिनाला खोड असते. कुठल्याला दोनदा बल्ब दाबावा लागतो, कुठल्याला चोक अर्धाच. हे कुठे लिहिलेलं नसतं.

आणि आता तर काम वाढलंय. २०२५ पासून आपल्या पेट्रोलमध्ये सर्वत्र वीस टक्के इथेनॉल आहे. मिथेनॉलचंच भावंडं ते, हवेतलं पाणी ओढून घेतं. उसाच्या शेतकऱ्याचं भलं होत असेल तर होवो, मी त्या वादात पडत नाही. पण महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या इंजिनात हे पेट्रोल ठेवणं म्हणजे शर्यतवाल्यांची जुनी डोकेदुखी आपण सरकारी गोदामात आणून ठेवणं आहे. त्यांना औषध माहीत होतं. आपल्याला अजून दुखणंच माहीत नाही.

कोणी म्हणेल, नवीन फोर-स्ट्रोक इंजिनं घ्या, बटणावर सुरू होतात. घ्या की. ओलेच्या नावाची कंपनीसुद्धा काळाच्या ओघात राहिली नाही. मूळ समूह २००० च्या डिसेंबरमध्ये दिवाळखोरीत गेला, ज्यांनी नाव विकत घेतलं त्यांनीही मे २०२० मध्ये एव्हिनरूड इंजिनं बनवणं थांबवलं. आत्याच्या गावात पूर यायच्या तीन महिने आधी. पण बटणाला बॅटरी लागते, आणि ताडपत्रीखाली पडलेली बॅटरी पेट्रोलच्या आधी मरते.

मला हवंय ते फार थोडं आहे. प्रत्येक ओबीएमजवळ एक वही. तारीख, किती मिनिटं पाण्यात चालवलं, कितव्या दोरीला सुरू झालं, पेट्रोल काढलं की नाही, कोणी केलं त्याची सही. दर शनिवारी एक ओळ. गोंदिया हा तलावांचा जिल्हा, पाणी शोधत जावं लागत नाही. आणि ज्याची सही त्या वहीत सगळ्यात जास्त वेळा आहे, त्या मेकॅनिकला कायम करा. पंधरा ऑगस्टला सत्कार करायचाच असेल तर बोट चालवणाऱ्याचा जरूर करा, पण त्याच्या शेजारी यालाही उभं करा, हात धुवायला वेळ देऊन.

माझ्या विद्यार्थ्याने आपल्यापुरती अशी वही ठेवायला सुरुवात केली आहे. मागच्या आठवड्यात दाखवली. पहिल्या पानावर एका इंजिनापुढे लागोपाठ चार शनिवार 'नववी दोरी', 'सातवी', 'तिसरी', 'तिसरी' असं लिहिलेलं. मी विचारलं, तिसरीवर का अडकलं? म्हणाला, "प्लग बदलतो सर, मग सांगतो."

वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या गावाजवळ या जूनमध्ये पुराची रंगीत तालीम असेल तर जाऊन बघा, आणि इंजिन कितव्या दोरीला सुरू झालं एवढं मोजून मला खाली लिहून कळवा. फोटो नको.